दाखल्यावरचं वय

सकाळी चहाच्या कपाशेजारी उत्तरानं एक झेरॉक्स ठेवली आणि विचारलं, "बाबा, ही सही तुमचीच ना?" झालं एवढंच. अप्पारावांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, कागद हातभर लांब धरला, मग जवळ आणला. सही त्यांचीच होती. पोट फुगलेला अ आणि खाली दोन टिंबं, छत्तीस वर्षांच्या मास्तरकीत एकदाही न बदललेली. शाळा सोडल्याचा दाखला. नाव, हरिओम दत्तराव देवकते. जन्मतारीख, एक जून दोन हजार पाच, आकड्यात आणि खाली अक्षरात. "माझीच," ते म्हणाले. "तास संपला की बोलू," असं म्हणून उत्तरा आतल्या खोलीत गेली. ती लॉ कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते, आणि परीक्षा जवळ आली की सकाळचा जादा तास घरूनच मोबाईलवर घेते. अप्पारावांनी कप उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. चहावर साय धरली तरी घोट काही घेतला गेला नाही. भर बाजारात कोणी मागून हाक मारावी आणि आवाज ओळखीचा असल्यामुळेच वळायची हिंमत होऊ नये, तसं काहीतरी त्यांना होत होतं.

हरिओम कोण, हे घरात तीन आठवड्यांपासून सगळ्यांना पाठ झालं होतं. दत्तराव आणि भिवराबाई, ताडकळसकडचे मेंढरंवाले नवराबायको, दर दोन-तीन दिवसांनी उत्तराच्या सल्ल्यासाठी एस.टी.नं परभणीला यायचे, वसमत रोडवरच्या या घराच्या पायरीशी चपला काढायचे आणि समोर खुर्च्या असून भिंतीला टेकून खाली बसायचे. त्यांचा पोरगा गेल्या नोव्हेंबरात एका एजंटामार्फत परदेशी कामाला गेला. काम कसलं, तर लष्कराच्या छावणीत स्वयंपाकघरातली भांडी घासायचं. तिथं गेल्यावर वाचता न येणाऱ्या लिपीतल्या कागदावर त्याची सही घेतली, अंगावर वर्दी चढवली, पंधरा दिवस बंदूक शिकवली, आणि ज्या दोन देशांची नावं दत्तरावांना आजही धड घेता येत नाहीत त्यांच्या लढाईत नेऊन उभा केला. मे महिन्यात दुसऱ्या बाजूनं त्याला धरलं. कळलं ते एका व्हिडिओवरून. हरिओमची थोरली बहीण दीपिका, तिच्या मोबाईलवर तो कोणीतरी पाठवला. डोकं भादरलेला, गाल बसलेला हरिओम त्यात आपलं नाव सांगतो, बापाचं सांगतो, गाव सांगतो, आणि मोडक्या हिंदीत जन्मतारीख सांगतो, एक जून. व्हिडिओ बघताना भिवराबाईनं पोराच्या हाताची बोटं मोजली, दहाच्या दहा आहेत ना म्हणून. विमलाबाई, अप्पारावांची बायको, पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून गेली. अप्पारावांच्या कानात मात्र ती तारीखच अडकून बसली. शत्रूनं विचारल्यावर पोरानं आईनं सांगितलेली तिथी सांगितली नव्हती, गुरुजींनी लिहिलेली तारीख सांगितली होती.

आतून उत्तराचा आवाज यायला लागला होता. दार लोटलेलं असलं तरी तिचा आवाज बापाचा आहे, वर्गाबाहेर पोचणारा. "दोन प्रश्न आधी वेगळे करा. युद्ध का सुरू झालं, हा एक. युद्धात कोणाला काय करता येतं, हा दुसरा. तुमचं कारण कितीही न्यायाचं असू दे, दुसऱ्या प्रश्नातून तुमची सुटका नाही." कोणीतरी काहीतरी विचारलं असावं. ती हसली. "अरे, आम्ही हल्ला केला असं कोण कबूल करतं? बचावाला कायद्यानं मुभा आहे, म्हणून ज्याचं त्याचं युद्ध बचावाचं. इतिहासात बघितलंस तर असं वाटतं, की हल्ला कोणी केलाच नाही, नुसते सगळे बचाव करत करत एकमेकांच्या राजधानीपर्यंत गेले." अप्पारावांना हसू आलं नाही. एरवी आलं असतं. पोरीचं बोलणं ते दाराआडून ऐकायचे आणि मनातल्या मनात तिला पैकीच्या पैकी द्यायचे. आज त्यांना वाटलं, हिला कळलंय. मग वाटलं, छे, कळलं असतं तर ही अशी सरळ बोलली असती, हिच्यात आडून बोलायचा गुण नाही. मग पुन्हा वाटलं, कळलं नसेल तर कळेल. ते उठून अंगणात गेले, तुळशीला पाणी घातलं, आत आले, आणि विमलाबाईनं विचारलं, "अहो, आत्ताच घातलं न मी पाणी?"

नऊच्या सुमाराला दत्तराव आणि भिवराबाई आलेच. उत्तरानं दोन कागद त्यांच्यापुढं फरशीवर शेजारी शेजारी मांडले. एक तो दाखला. दुसरं पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं लसीचं कार्ड, भिवराबाईनं अठरा वर्षं पत्र्याच्या पेटीत जपलेलं. त्यावर नर्सबाईनं जन्माची तारीख लिहिली होती, मे दोन हजार सात. भिवराबाईला तारखेचं काही नव्हतं. ती म्हणाली, "नरशिंव्हाच्या जत्रंतला हाय बाई त्यो. मेंढरं पोखर्णीच्या शिवारात बसिवली व्हती. मला कळा सुटल्या तवा देवळात आरती चालू व्हती. ते साल ह्ये नर्सबाईनं लिवलंय. दाखल्यावर त्यो दोन वर्सानं थोराड हाय, आन माज्या पोटचा न्हाई."

"म्हणजे वर्दी चढवली तेव्हा तो साडेसतरा वर्षांचा होता," उत्तरा म्हणाली. ती बोलत होती त्यांच्याशी, बघत होती बापाकडं. "अठराच्या आतल्या मुलाला लढाईत उतरवायचं नाही असा करार आहे, बहुतेक देशांनी मानलेला. हे सिद्ध झालं तर हरिओमचं प्रकरण बाकीच्या कैद्यांपेक्षा वेगळं होतं. युद्ध संपेपर्यंत थांबा, असं मग त्याच्या बाबतीत कोणाला सहज म्हणता येत नाही. आपल्या सरकारलाही जोर लावता येतो. पण कार्ड एक सांगतं आणि दाखला दुसरं. पलीकडचा माणूस दाखलाच धरणार, कारण त्यावर शिक्का आहे. तेव्हा दाखला चुकीचा आहे हे ज्यानं दिला त्यानंच शपथेवर सांगायला पाहिजे. का चुकला तेही."

"गुरुजी सांगत्याल की," दत्तराव लगेच म्हणाले. "गुरुजींनीच तर पोरांला वळण लावलं. आमी रानोरान हिंडणारी मान्सं. गुरुजी मेंढरांमागं येऊन पोरं नेले साळंत." ते हे इतक्या विश्वासानं म्हणाले, की अप्पारावांनी मान खाली घातली, आणि विमलाबाईला ती विनयानं घातल्यासारखी वाटली. भिवराबाई पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती.

चूक. उत्तरानं शब्द काय निवडला होता, चुकला. ते दोघं गेल्यावर अप्पाराव जेवले नाहीत, पोट जड आहे म्हणाले, आणि खोलीत पलंगावर आडवे पडून छताच्या पंख्याकडं बघत राहिले. ताडकळसपासून आत दोन कोसांवर वस्तीची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक. दोन हजार अकराचा जून. पट एकोणीस. वीसच्या खाली पट गेला की एक शिक्षक जास्तीचा ठरणार आणि त्याची बदली होणार, असं वरून आलं होतं. त्या दिवशी दीपिका शाळेत आली होती, सहा पूर्ण झालेली, दोन वेण्यांची, आणि तिच्या बोटाला धरून हा, चड्डी नीट नाही, नाक वाहतंय, चार वर्षांचा. तो शाळेत आलाच नव्हता मुळी, खिचडी खायला आला होता. अप्पारावांनी त्याला मांडीवर घेतला, खिचडी भरवली, आणि दुपारी दाखल-खारीज रजिस्टर उघडून विसावं नाव घातलं. वयात दोन वर्षं घातली आणि तारीख टाकली एक जून. त्यात नवल काही नव्हतं. मराठवाड्यात ज्या पोराची जन्मतारीख घरात कोणाला माहीत नाही ते एक जूनचंच. रजिस्टरचं पान वाचलं तर वाटावं, वस्तीवरच्या झाडून सगळ्या बायका एकाच दिवशी बाळंत झाल्या. अधिकारी हसायचे आणि सही करायचे. त्यामुळे खोटी तारीख सगळ्यांचीच होती. खोटं वर्ष मात्र एकट्या हरिओमचं होतं, आणि ते त्यांनी विचार करून लिहिलं होतं.

शाळा वाचवली. चौदा वर्षं ते हेच म्हणत आले होते, इतरांना आणि स्वतःलाही. सहशिक्षिका सविताबाई तान्ही पोर घेऊन नोकरी करत होत्या, त्यांचं कसं झालं असतं, असंही ते कधीकधी जोडायचे. आदर्श शिक्षक म्हणून सत्कार झाला तेव्हा भाषण करणारे म्हणाले, या माणसानं मेंढरांमागची पोरं पाटीमागं बसवली. टाळ्या पडल्या. विमलाबाई पहिल्या रांगेत होती. पंखा फिरत होता आणि अप्पारावांना पहिल्यांदाच साध्या डोळ्यांनी दिसत होतं, की सविताबाईंची बदली होणारच नव्हती. एकाच शाळेवर बारा वर्षं झालेला माणूस आधी हलणार होता, आणि तो माणूस ते स्वतः होते. उत्तरा बारावीला होती, परभणीचं घर नुकतंच बांधून झालं होतं, आणि त्यांना जिंतूरच्या पलीकडं कुठंतरी जायचं नव्हतं. बस्स. बचाव. त्यांना उठून पोरीला विचारावंसं वाटलं, तुझ्या पुस्तकात अशा माणसाला काय म्हणतात. पण ते एकदा तोंडातून बाहेर पडलं असतं तर पुढचंही पडलं असतं, आणि पुढचं त्यांनी अजून कोणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते कोणालाही न सांगता एस.टी.त बसून ताडकळसला गेले आणि तिथून एकाच्या मोटरसायकलवर वस्तीवर. काय बघायचं होतं कोणास ठाऊक. कदाचित रजिस्टर वाळवीनं खाल्लं असेल, अशी एक घाण आशा मनात होती, आणि ती आहे हे कळल्यावर त्यांना स्वतःची किळस आली. सविताबाई आता तिथल्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी हातपाय धुवायला पाणी दिलं, कपाटातून रजिस्टर काढून धूळ झटकली. पान शाबूत होतं. हरिओमच्या ओळीतलं अक्षर इतकं सुंदर, वळणदार, की पोरांना कित्ता म्हणून द्यावं. "सर, चौकशी लागंल का तुमच्यामागं?" सविताबाईंनी हळू आवाजात विचारलं. गावात बातमी पोचली होती. "ह्या वयात कशाला नसता ताप? पोरगा तर तसाही धरलेलाच हाय." त्या वाईट बाई नव्हत्या. नेमकं हेच कोणीतरी म्हणावं म्हणून आपण एवढ्या लांब आलो की काय, असं अप्पारावांना वाटलं आणि त्यांनी रजिस्टर मिटलं.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसले असताना ते पुढचं आलंच, दाबता दाबेना. गेला नोव्हेंबर. ते बँकेत रांगेत उभे होते, आपण जिवंत आहोत असा दाखला द्यायला, जो पेन्शनवाल्याला दरसाल द्यावा लागतो. मोबाईल वाजला. "गुरुजी, मी हरिओम, दत्तरावचा. एजंट इचारायलाय, अठरा पुरं हायेत का म्हनून. माय म्हनती न्हाईत. दाखला म्हनतो एकोणीस. खरं कोन्तं धरू गुरुजी?" दीड मिनिटाचं बोलणं. रांग पुढं सरकत होती. पोरगा कुठं चाललाय, कोण एजंट, काम कसलं, यातलं एकही अप्पारावांनी विचारलं नाही. त्यांच्या डोक्यात पहिलं आलं ते हे, की खरं सांगितलं तर हा एजंटाला सांगेल, एजंट आणखी कोणाला, आणि कुठून तरी ते फिरून आपल्यापाशी येईल. "दाखल्यावर आहे तेच खरं," ते म्हणाले. "तेच सांग." पलीकडून पोरगा म्हणाला, "बरं गुरुजी." मग थोडं थांबून म्हणाला, "तब्येत बरी हाय न तुमची?" ते हो म्हणाले, आणि खिडकीतल्या बाईनं त्यांचा अंगठा यंत्रावर ठेवून घेतला. गाडीतल्या कंडक्टरनं त्यांना दोनदा हाक मारली तेव्हा कळलं, परभणीचा स्टँड आला होता आणि गाडी रिकामी झाली होती.

घरी आल्या आल्या विमलाबाईनं गाठलं. "मी उत्तराला विचारलं. खोटी नोंद ठरली तर गुन्हासुद्धा होऊ शकतो म्हणली. तुमची पोरगी हाय न ती? हसत हसत सांगते!" उत्तरा हसत नव्हती. तिचे डोळे लाल होते. "मी तुमच्यापासून काही लपवणार नाही, बाबा. नाव जाईल. कदाचित केसही होईल. सही करायची का नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी कच्चा मसुदा करून ठेवलाय." मसुद्यात तिनं लिहिलं होतं, पालकांच्या अज्ञानामुळे व मुलाच्या शैक्षणिक हितासाठी अनवधानाने. वकील मंडळी असंच लिहितात. अप्पारावांनी लाल पेन काढलं, चौदा वर्षांच्या सवयीच्या सगळ्या शब्दांवर रेघ ओढली, आणि समासात लिहायला लागले. हे लिहितानाही अक्षर बिघडू नये म्हणून ते जपत होते, याचीही त्यांना लाज वाटली. पान भरल्यावर त्यांनी ते उत्तराकडं सरकवलं. ती वाचत गेली आणि शेवटच्या परिच्छेदावर थांबली.

"हा फोन," ती म्हणाली, "हा कायद्याला लागत नाही, बाबा. वयाचं सिद्ध करायला वरचं पुरेसं आहे."

"राहू दे."

"त्या दोघांसमोर वाचलं जाईल हे. कोर्टाबाहेर, चार माणसांत."

"राहू दे म्हणलं न," अप्पाराव ओरडले, आणि आयुष्यात तिच्यावर ओरडले नव्हते म्हणून दोघंही दचकले.

सोमवारी अकराला कोर्टाच्या आवारात, कडुनिंबाखाली, जीवन टायपिस्टच्या पत्र्याच्या टेबलाभोवती ते उभे होते. जीवनची रीत अशी, की टाईप झालेलं शपथपत्र तो मोठ्यानं वाचून दाखवतो, मग त्यात जमिनीची वाटणी असो की नवराबायकोची फारकत, आणि वाचताना त्याच्या आवाजात कसलाही चढउतार नसतो. तो तसाच वाचत गेला. मी अप्पाराव, वय सहासष्ट, शपथेवर लिहून देतो की. माझी बदली होऊ नये म्हणून. मुलाचे वय चार असताना सहा लिहिले. हे मला माहीत असताना लिहिले. मुलाच्या पालकांचा यात दोष नाही. दत्तराव मान डोलवत ऐकत होते, वयाचा आकडा आला तेव्हा बायकोकडं बघून समाधानानं हुंकार दिला. मग जीवननं पान उलटलं. सदर मुलाने परदेशी जाण्यापूर्वी मला फोन करून खरे वय विचारले. मी त्यास दाखल्यावरील वय खरे आहे असे सांगितले. मी खरे सांगितले असते तर तो गेला नसता.

दत्तरावांची मान डोलायची थांबली. "काय म्हणला?" त्यांनी जीवनला विचारलं. "पुन्यांदा वाचा." जीवननं तेवढंच पुन्हा वाचलं, त्याच आवाजात. दत्तराव शेजारच्या ओट्यावर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीकडं बघत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर अप्पारावांना बरं वाटलं असतं. त्यांनी सही केली, पोट फुगलेला अ, खाली दोन टिंबं. नोटरीनं शिक्का मारला. उत्तरानं कागद घेऊन शाई वाळायला धरला.

अप्पाराव भिवराबाईपुढं जाऊन उभे राहिले. हात जोडले खरे, पण त्या हातांचं पुढं काय करायचं ते कळेना. "भिवराबाई, मी तुम्हाला..."

"मला ठाव व्हतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "पोरानं माज्यासमूरच फोन लावला व्हता, आवाज मोठा करून. मी म्हणले व्हते, बाळा, तू सतराचा हायस, जाऊ नगं. त्यो म्हणला, गुरुजींला इचारू. तुमचा शब्द आयकला आन पिशवी भरली त्यानं. ह्ये मेंढरांकडं गेलते, ह्यांला म्या सांगिटलंच न्हाई. सांगिटलं असतं तर ह्ये तुमच्या दारात पाय ठिवले नसते." तिनं पदराची गाठ सोडली. "आन तुमाला बोलून दाखिवलं असतं, तर तुमी सही केली नसती."

अप्पारावांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण ते खोटं झालं असतं. पहिल्याच दिवशी, पायरीवर चपला काढतानाच तिनं तोंडावर विचारलं असतं, तर त्यांनी कसला फोन म्हणून विचारलं असतं, आणि सगळं नाकारलं असतं, अगदी रजिस्टरसकट. तीन आठवडे ही बाई भिंतीला टेकून त्यांच्या घरचा चहा प्याली होती, गुरुजी म्हणून हाक मारत होती, आणि त्यांना पूर्ण ओळखून होती. त्यांना खाली बसावंसं वाटलं, पण ओट्यावर दत्तराव होते आणि त्यांच्या शेजारी बसायचा धीर नव्हता.

"आता एक सांगा," भिवराबाई म्हणाली. "ह्या कागदानं सुटंल का त्यो?"

वस्तीवरच्या माणसांनी जे जे विचारलं त्याचं उत्तर अप्पारावांनी आजवर दिलं होतं, माहीत असो की नसो. पोरगा पास होईल का, पाऊस येईल का, कर्जाचा फॉर्म मंजूर होईल का. होईल, येईल, काळजी करू नका. आत्ताही तो शब्द जिभेवर आलाच होता.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

तिनं त्यांच्याकडं नीट बघून घेतलं आणि उत्तराला म्हणाली, "बाई, आजच धाडा." मग दत्तरावांना दंडाला धरून उठवलं. साडेबाराची ताडकळस गाडी गाठायची होती, मेंढरं सकाळपासून कोंडलेली होती.